जळालं की जाळलं, कुंदे?

तू कंटेनरखाली आलीस म्हणे.

पडघ्याहून तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा तो हेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेपरात बोटभर जागेत हेच छापून आलं, 'कंटेनरखाली येऊन निवृत्त प्राध्यापिकेचा मृत्यू'. आणि तेव्हापासून जो भेटतो तो हेच म्हणतो. जसं काही तू सकाळी उठलीस, चहा घेतलास, आणि आज जरा कंटेनरखाली येऊन जाते म्हणून घरातून निघालीस! कुंदे, तुझ्या वर्गात कुणी असं वाक्य लिहिलं असतं तर लाल पेनने त्याचा कोथळा काढला असतास. कंटेनर तुझ्यावर आला. तू हायवेच्या कडेला उभी होतीस, जागची हललीसुद्धा नव्हतीस. जन्मात कुणासाठी जागची हलली नाहीस, त्या लोखंडी धुडासाठी काय हलणार?

तुझा भाऊ पुढे म्हणाला, "सुलाताई, लोकांनी ड्रायव्हरला लय बदडला." काच फोडली, केबिनमधून खाली ओढला, तोंडाचा चेंदा होईस्तोवर लाथा घातल्या. खरं सांगते, ऐकून बरं वाटलं. माझे गुडघे जिना चढायला नाही म्हणतात, पण त्या क्षणी त्यांच्यात एक लाथ घालण्याइतकं बळ आलं होतं. आणि तेवढ्यात कानात तुझा तो किनरा आवाज: 'लोकांनी म्हणजे कुणी, सुले? लोकांना नाव असतं, गाव असतं. "लोक" हे गोणपाट आहे. उचल आणि खाली काय आहे बघ.'

मेलेल्या माणसाने इतक्या लवकर कामावर रुजू होऊ नये गं.

कॉलेजच्या अंकाचे संपादक घरी आले होते. "बाई, मॅडमवर लिहा. जन्म, शिक्षण, सेवा, पुरस्कार. दोन पानं." बिचारा चांगला आहे, तुझाच विद्यार्थी. त्याला म्हटलं, जन्म झाला होता एवढं नक्की, बाकीचं तिच्या सर्व्हिस बुकात बघ. मला तिच्याशी भांडायचंय. अर्धवट राहिलंय.

आपली ओळखच मारामारीतून झाली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सरांनी निबंध दिला होता, 'माझ्या गावातील एक घटना'. तेव्हाची मी म्हणजे काय चीज होते! दोन वेण्या, जांभळी शाई आणि डोक्यात कोंबून भरलेला शब्दकोश. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात नवरीच्या अंगावर नसेल एवढं सोनं मी एकेका ओळीवर चढवायचे. काल्हेरला आमचं घर जळलं आणि त्यात माझा बा गेला, ती गोष्ट मी लिहिली. 'कराल ज्वाळांनी आकाशाला मिठी मारली. माझ्या पित्याचा आर्त टाहो दाही दिशा भेदून गेला. क्रूर नियतीने आमचे घरकुल गिळंकृत केले.' सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्यांचा आवाज कापला. पुढच्या बाकावरच्या मुली रडल्या. मी रडले, आणि रडताना कोण कोण बघतंय तेही बघून घेतलं.

तू रडली नाहीस. तास सुटल्यावर जिन्यात आडवी आलीस. तेलाने चप्प बसवलेले केस, काखेत पुस्तकं, आणि नजर अशी की जणू मी तुझ्या घरातली कोंबडी चोरलीय.

"आग लागली तेव्हा तू कुठं होतीस?"

"शाळेत. चौथीत होते मी."

"मग ज्वाळा कुणी बघितल्या?"

"अगं, आग म्हटल्यावर ज्वाळा असणारच ना!"

"आणि बापाचा टाहो?"

मी बाजूने निघून जायला लागले.

"बरं, ते जाऊ दे. घर जळालं की जाळलं?"

मी तुझ्या कानाखाली वाजवली. विचार करून नाही, हात आपोआप गेला (हे वाक्य तू खोडशील, हात आपोआप जात नाहीत, मी मारलं). तू माझ्या दोन्ही वेण्या धरल्यास आणि डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलंस. माझा ओठ फुटला. तुझ्या कानातला डूल माझ्या मुठीत आला, पाळीचं थोडं कातडं घेऊन. खालून कॅन्टीनवाले चाचा धावत आले, "अरे छोडो, छोडो! ये हिस्ट्री का क्लास है या अखाडा?" नातवंडांना ही गोष्ट सांगते तेव्हा ती विचारतात, "आजी, तू गुंड होतीस?" मी म्हणते, होते काय, आहे. रिटायर कुठे झालेय?

पण तो प्रश्न. माझ्या जन्मात मला कुणी विचारला नव्हता तो. आमच्या बोलीला ळ झेपत नाही, आम्ही 'जळालं'ला 'जललं' म्हणतो. बा गेल्यापासून आई म्हणायची, "घर जललं." शेजारीण म्हणायची, "काय करनार बाय, जललं." नामाकाका, बाचा धाकटा भाऊ, डोक्यावर हात फिरवून म्हणायचा, "जललं, पोरी, तुजं नशीब जललं. पन मी हाय." सगळा गाव एका सुरात. इतकी वर्षं ऐकून तो शब्द माझ्यासाठी आमच्या घराचं आडनावच झाला होता. आणि पडघ्याची कोण ही पोर, जिन्यात उभी राहून त्या शब्दात एक काना घुसवते!

दुसऱ्या दिवशी तू कानाला पट्टी लावून आलीस आणि माझ्या शेजारी बसलीस. माफी वगैरे काही नाही. कागद पुढे सरकवून म्हणालीस, "जेवढं बघितलंस तेवढंच लिही. ऐकलंय ते वेगळ्या कागदावर."

मी लिहिलं. शाळा सुटल्यावर घरी आले. पेंढ्याची उडवी होती तिथे काळं वर्तुळ होतं, धूर होता. बायकांची लुगडी ओली होती. एक बैल मेला होता, दुसरा जिवंत होता, पाठीचं कातडं लोंबत होतं आणि तो ओरडत होता, मग कुणीतरी कोयता आणला. बाला दारावर निजवलं होतं. दार आमच्याच घराचं, एका बाजूने कोळसा झालेलं. वरून ताडपत्री टाकली होती, पाय बाहेर होते. पाय भाजले नव्हते. त्यांना खाजणातला, खाडीकाठच्या शेतातला चिखल होता. अजून ओला.

एवढंच. टाहो नाही, नियती नाही. लिहून झाल्यावर मी मोरीत जाऊन ओकले. तू पाठीवर हात ठेवून उभी होतीस आणि हलकट, तेव्हाही म्हणालीस, "बघ, चिखल ओला होता. म्हणजे तो खाजणातून धावत आला. घरात नव्हताच तो."

सरांनी त्या दुसऱ्या निबंधाला पहिल्यापेक्षा कमी मार्क दिले. शेरा: 'भावना कमी पडल्या.'

हे क्रियापदांचं वेड तुला कुठून लागलं ते तू मला पुढे सांगितलंस, कल्याण नाक्यावर भेळ खाताना, जणू कुणा तिसऱ्याबद्दल बोलतेयस. तुझे वडील कारखान्यात लूमवर होते. मागात सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा, लाकडाचा, टोकाला लोखंड. एक दिवस तो उडाला आणि त्यांच्या डोळ्यात शिरला. शेठने कागदावर लिहिलं, 'कामगाराचा डोळा गेला'. तुझी आई निरक्षर, तिने तुझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "गेला? कुठं गेला? पडघ्याच्या बाजाराला?" धोटा अडवायची जाळी काढून ठेवली होती, उत्पादन कमी होतं म्हणून. कुणी काढली? त्या कागदात डोळा आपल्या पायाने चालत गेला होता. तू म्हणालीस, "सुले, मराठीत मरायला कुणी लागत नाही. मरतो, पडतो, जळतो, सगळं आपोआप. एक काना दिला की माणूस उभा राहतो. मारतो, पाडतो, जाळतो. तो काना द्यायला लोक घाबरतात. इतिहास म्हणजे तेवढंच काम." मी म्हटलं, भेळेत कांदा कमी आहे. मी तेव्हा अशीच होते, कुणी काही खरं बोललं की मला कांदा आठवायचा.

पुढे तू कॉलेजात इतिहास शिकवायला लागलीस आणि मी लग्न करून भिवंडीतच शाळेत. तुझ्या हाताखालून पोरं गेली ती रडत गेली. प्रकल्पाची पानं तू त्यांच्यासमोर टराटरा फाडायचीस. 'प्राचीन काळापासून' अशी सुरुवात दिसली की तू तिची मानच मुरगळायचीस. 'असे म्हटले जाते' दिसलं की ओरडायचीस, "कोण म्हणतं? त्याच्या घरचा पत्ता आण!" विशेषण दिसलं की म्हणायचीस, "पुरावा संपला वाटतं." पोरं माझ्याकडे यायची मलमपट्टीला. "बाई, मॅडमनी मारून टाकलं हो!" मी चहा द्यायचे आणि सांगायचे, अरे, 'मारून टाकलं' म्हणालास ना? कर्ता बरोबर आलाय, पास होशील.

आपण दोघींनी पुस्तक लिहायला घेतलं ते या पोरांसाठीच. कॉलेजच्या मुलांनी इतिहास कसा शोधावा, कुणाला कसं विचारावं, टिपण कसं करावं, वाक्य कसं लिहावं. तू रागावायचं आणि मी हसवायचं, असं कामाचं वाटप. सगळी प्रकरणं झाली. एका पानावर अडलं. त्या पानापायी आपण एकमेकींचे गळे धरले, आणि त्या पानाचा निकाल लागायच्या आत तू हा असला पळपुटेपणा केलास.

तोंडी साक्ष कशी घ्यावी याचा एक नमुना हवा होता. तू म्हणालीस, "तुझ्या नामाकाकाकडे जाऊ." मी म्हटलं, चल, गोडबोल्या आहे, जुन्या काल्हेरचं छान सांगेल. खरंच सांगते, मला वाटलं तो भाताच्या जाती सांगेल आणि आपण जेवून येऊ. मला! जिला जिन्यात तो प्रश्न विचारला गेला होता, तिला! साठी उलटली तरी माझ्यातली ती जांभळ्या शाईची पोर मेली नव्हती.

काकाच्या बंगल्याचा ओटा. जिथे आमची खाचरं होती तिथे गोदामं, आणि मागे येणाऱ्या ट्रकांची ती टीं टीं. तू मोबाइल टेबलावर ठेवलास, रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्याला दाखवलंस, "काका, तुमचं बोलणं यात राहणार, चालेल?" "रहू दे, रहू दे." भात झालं, मीठ झालं, जत्रा झाली. मग तू विचारलंस, "काका, घराला आग लागली त्या दिवशी काय झालं?"

"काय होनार? घर जललं."

मी लगेच मदतीला. "तेव्हा ऊन किती होतं ना काका, कुठूनतरी ठिणगी..."

टेबलाखालून तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की महिनाभर डाग राहिला. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, हा आपल्याच पुस्तकातला नियम, माझ्याच अक्षरात लिहिलेला. तू गप्प बसलीस. किती गप्प बसावं माणसाने! ट्रक मागे आला, रिकामा झाला, निघून गेला. काका फडक्याने तोंड पुसत होता. मग म्हणाला,

"पेंढा मी पेटवला. घर जललं."

तू हललीसुद्धा नाहीस.

"भाऊ खाजनात हाय, असाच वाटला मना. घरात कोन न्हवता. जमीन इकायची न्हाय म्हनून बसलेला. दलाल रोज यायचा, म्हनायचा, एकदा भ्याला की सही करंल. म्हनून पेंढा. निस्ता पेंढा. वारा फिरला. त्यो धूर बघून धावत आला, दावी कापून बैलं सोरवाला आत ग्येला, आन वरून आढं परलं." मग माझ्याकडे बघून, "तुला शिकवली ना मी? कालेजात धाडली ना?"

धाडलीस, काका. माझी फी तूच भरलीस. माझ्या लग्नात तू बाच्या जागी उभा राहिलास. मी ओट्यावरून उठले, आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरची बरणी उचलून भिंतीवर फेकली. कैरीचं लोणचं होतं. भिंतीवरून लाल तेल ओघळत राहिलं. काकाची सून फडकं घेऊन पुसायला लागली, आणि बाहेरून तुझा आवाज ऐकू आला, शांत: "काका, हे लिहू का?"

"लिवा," तो म्हणाला. "पन माज्या मागारी. मी जिता असस्तोवर नको."

तू शब्द पाळलास. तो गेल्या पावसाळ्यात गेला, आणि तेराव्यानंतर तू ते पान काढलंस. 'कर्ता' या प्रकरणात नमुना म्हणून काकाचं वाक्य: 'पेंढा मी पेटवला. घर जळालं.' खाली तुझी टीप: 'एकाच श्वासात माणूस पेंढ्याची जबाबदारी घेतो आणि घराची नाकारतो. दोन क्रियापदं नीट पाहा.' मी ते पान चुरगळून तुझ्या अंगावर फेकलं.

"माझा बाप म्हणजे तुझ्या व्याकरणाचं उदाहरण का गं?"

"माझ्या बापाचा डोळा आहे ना पान उलटल्यावर."

"पुरावा काय? नव्वदीतला म्हातारा. उद्या म्हणाला असता, गांधींना मीच मारलं."

"मग तेही लिही. तो म्हातारा होता, स्मरण डळमळीत असू शकतं, हे लिही. पण 'जळालं' लिहून निसटू नकोस."

"त्याने मला शिकवलं, कुंदे!"

"तेही लिही की. कुणी अडवलंय?"

तुझं हे 'तेही लिही' मला सोसायचं नाही. शिवी परवडली. मी आठवडेच्या आठवडे तुझ्याशी बोलले नाही, तू रोज सकाळी फोन करत राहिलीस, आणि मी उचलून नुसती शिव्या देत राहिले. यालाही आपण न बोलणं म्हणायचो.

त्या सकाळीही फोन आलाच. पाठीमागे गाड्यांचा आवाज. "पडघ्याला हायवेवर उभी आहे, रिक्षा बघतेय. पान घेऊन येते. आज निकाल. जळालं की जाळलं?"

"मर तू!" मी म्हटलं.

तू हसलीस. "मेले तर तुला एकटीला लिहावं लागेल. म्हणून मरत नाही." आणि फोन ठेवलास.

तू माझं कधी एक ऐकलं नाहीस. साडीचा रंग ऐकला नाहीस, बीपीच्या गोळ्या ऐकल्या नाहीस. नेमकं हेच ऐकलंस?

तुझी पिशवी हवालदाराने तुझ्या भावाकडे दिली आणि त्याने माझ्याकडे आणली. पानं सगळी लाल. तुझा भाऊ हात लावेना. मी एक पान नाकाशी धरलं. शाई. पेनं फुटली होती तुझी. दुसरं धरलं. तेही शाई. तिसऱ्याला लोखंडासारखा वास आला. मी ते खाली ठेवलं आणि पुन्हा पहिलं उचललं. बघ, पुरावा तपासला मी. एकेक पान तपासलं. शाई कुठली, तू कुठली, ते वेगळं केलं. असला गृहपाठ कुणी देतं का गं?

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. वंदना झाली, खीर वाढली. तुझी पोरं, ती फाडलेल्या पानांची, टकलं पडलेली, पोटं सुटलेली, हुंदके देत होती. तिथेच बाळाराम आला. नामाकाकाचा मुलगा, लोणचं पुसणाऱ्या त्या सुनेचा नवरा, माझा चुलतभाऊ, दर भाऊबीजेला माझ्याकडे ओवाळून घेतो. तुझ्या फोटोला हार घातला, मला घरी सोडतो म्हणाला, आणि घरी आल्यावर खुर्ची ओढून समोर बसला.

"ताय, झाला ती झाला. बाय ग्येली. आता त्या पानाला पन जाऊ दे."

"जाऊ दे म्हणजे? पान काय आपणहून जातं?"

"शब्दांत नको पकडू मना. बाबाचा डोका ठिकानावर न्हवता. पोरांची लग्ना व्हायची हायेत. गोदामावर नाव हाय त्याचा. लोक काय बोलतील?"

"लोक म्हणजे कोण रे, बाळा?"

त्याने मूठ टेबलावर आपटली. पाण्याचा ग्लास उडाला, फरशीवर फुटला. "मी!" तो ओरडला. "मी बोलतोय! माझा बाप व्हता त्यो! तुला बापासारखा वाढवला, तुझ्या डोल्यादेखत मरला, आन तू त्याला खुनी लिवनार? भाऊबीजेला माझा तोंड बघायचा हाय का न्हाय?"

आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, मनगटात सोन्याचं कडं, काचांमध्ये पाय ठेवून रडत होता. पायाला काच लागली होती, त्याला कळलंही नव्हतं. मी खाली बसून काच काढली. रक्त पुसलं. हळद लावली. तो लहान असताना खाजणात शिंपला लागला की लावायचे तशी.

त्याच्या 'मी'मध्ये काय दम होता, कुंदे! तू असतीस तर म्हणाली असतीस, हा पास.

तो गेल्यावर मी ड्रायव्हरचा विचार करत बसले. उत्तर प्रदेशातला मुलगा आहे, हॉस्पिटलात आहे, जबडा मोडलाय. मोडलाय नव्हे, मोडलाय कुणीतरी. तुझा भाऊ सांगत होता, त्या वळणावर साइडपट्टी उखडलेली आहे, खड्डा चुकवायला गाड्या आत घुसतात, आणि गोदामवाले फेऱ्या मोजतात. तू म्हणायचीस, पहिला कर्ता सापडला म्हणून थांबू नका, त्याच्या मागे कोण उभं आहे बघा. ड्रायव्हरच्या मागे खड्डा, खड्ड्याच्या मागे कोण? नामाकाकाच्या मागे दलाल, दलालाच्या मागे कोण? असं मागे मागे जात राहिलं की राग थकतो. मला तो थकायला नको होता. पण थकला, काय करू.

मग मी पान घेतलं. जांभळी शाई आता मिळत नाही, तुझ्या पिशवीतलं एक शाबूत लाल पेन घेतलं.

'आमचं घर माझ्या काकाने जाळलं. त्यात माझा बाप मेला. पेंढा मी पेटवला, असं काकाने स्वतः आम्हा दोघींना सांगितलं, आणि माझ्या मागारी लिहा, असंही सांगितलं. भाऊ घरात नाही असं वाटलं, हे त्याचं म्हणणं. बापाच्या पायांना ओला चिखल होता, तो मी पाहिला, आणि तो या म्हणण्याशी जुळतो. काका तेव्हा फार म्हातारा होता आणि त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं त्याचा मुलगा म्हणतो. दलालाचं नाव काकाने घेतलं नाही, शोधायला हवं. याच काकाने मला वाढवलं आणि इतिहास शिकायला पाठवलं. मी तेव्हा शाळेत होते. ज्वाळा मी पाहिल्या नाहीत.'

वाचून पाहिलं. पुराव्याशिवायचं एकही विशेषण नाही. 'फार' आहे, त्याला तू नावं ठेवशील. ठेव. तो फार म्हाताराच होता.

खाली तुझी टीप होती ती ठेवली आहे. तिच्याखाली आणखी एक नमुना घातलाय, तुझ्या परवानगीशिवाय. 'खालील वाक्य दुरुस्त करा: कंटेनरखाली येऊन प्राध्यापिकेचा मृत्यू.' उत्तर छापलेलं नाही. कर्त्याच्या जागी रेघ ओढलीय. त्या वळणावर मी जाऊन आले, तुझा भाऊ बरोबर होता. साइडपट्टीचं काम कुणाकडे होतं ते विचारलं. जो तो म्हणाला, "काम राहिलंय." राहिलंय म्हणे! पुन्हा जाणार आहे. त्या ड्रायव्हरलाही भेटणार आहे, जबडा हलायला लागला की. मी त्याच्या तोंडात शब्द घालणार नाही, चिमटा काढायला आता कुणी नाही तरी.

बाळारामला पान पाठवलं, छापायला देण्याआधी. त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत आलंय की नाही बघ म्हटलं. उत्तर नाही. भाऊबीजेला ताट करणार आहे मी, नेहमीसारखं. पाट मांडेन. तो येईल की नाही, ते त्याचं क्रियापद.

चरित्राच्या दोन पानांऐवजी अंकात हेच पान छाप म्हटलं होतं, तर संपादक मघाशी ते घ्यायला आला होता. नम्र पोरगं. म्हणालं, "बाई, मॅडमचं राहिलेलं पान शेवटी लिहिलं गेलं म्हणायचं."

त्याला दारातच धपाटा घातला, तुझ्या वतीने.

लिहिलं गेलं नाही रे. लिहिलं. मी.